घार आणि गिधाड

संक्रांतीला मुलगी आणि नातू आले होते. दुपारी गच्चीवर नातवाचा पतंग आणि मी, अशी आमची जोडी. तेवढ्यात समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक मोठा तपकिरी पक्षी येऊन बसला. नातू ओरडला, "आबा, गिधाड!"

मी म्हटलं, "अरे, ती घार आहे. शेपटी बघ, मधे खाच आहे ना? ती घारीची खूण."

"मग गिधाड कसं असतं?"

मी हाताने सांगायला लागलो. मान अशी, पंख एवढे. मग मोबाइलवर चित्र दाखवलं. त्याने ते पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही खरंखुरं बघितलंय?"

म्हटलं, "रोज बघत होतो."

त्याला ते खरं वाटलं नसावं. मीही नंतर बराच वेळ विचार करत बसलो. छत्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. शिवकाल, पेशवाई, १८५७, टिळक, गांधी. पण माझ्याच डोळ्यांदेखत एक अख्खा पक्षी आभाळातून गेला, त्याचा इतिहास मी कोणाला सांगितला नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव माणदेशात. पाऊस कमी, माळरान जास्त, आणि दावणीला खिलार जनावरं. गावाच्या पूर्वेला ओढ्यापलीकडे मेलेली ढोरं टाकायची जागा होती. आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी होती, म्हणजे आम्ही तिकडे हमखास जायचो. एखादं जनावर मेलं की आधी कावळे यायचे, मग घारी. आभाळात वर, अगदी वर, टिकलीएवढे ठिपके फिरत असायचे. त्यातला एक खाली उतरायला लागला की पाठोपाठ दुसरा, तिसरा. लांबलांबचे ठिपकेही तिकडे वळायचे. गिधाड वासाने येत नाही, नजरेने येतं. आणि ते नुसतं जमिनीवर लक्ष ठेवत नाही, शेजारच्या गिधाडावरही ठेवतं. एकाला सापडलं की सगळ्यांना सापडलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण पुढे या गोष्टीतला घात नेमका इथेच आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

दोघांत फरक केवढा! घारीचं वजन पाऊण किलोच्या आसपास. पांढऱ्या पाठीचं गिधाड सुमारे पाच किलोचं, आणि पंख पसरले की दोन मीटरच्याही वर. घार झडप घालणारी. अंगणातली कोंबडीची पिल्लं, बाजारातली मासळी, एखाद्या पोराच्या हातातली भाकरी, उंदीर, सरडा, उकिरड्यावरचं काहीही तिला चालतं. गिधाडाचं तसं नाही. त्याच्या पायात उचलून नेण्याचं बळ नाही, नख्या बोथट. ते जिवंताच्या वाटेला जात नाही. मेलेलं मोठं जनावर, एवढंच त्याचं अन्न. म्हणून मानेवर पिसं नाहीत, कारण ती मान पोटात खुपसायची असते. आमच्या ओढ्यापलीकडे सकाळी टाकलेल्या बैलाची संध्याकाळी नुसती हाडं उरलेली मी पाहिली आहेत. वास नाही, रोगराई नाही.

म्हणजे गावात ज्याची सगळ्यांना किळस, ते कोणाच्या वाटेला न जाणारं. आणि जी पिल्लं पळवते, तिच्याबद्दल मात्र कौतुक. आपली भाषाच बघा ना. "घारीची नजर" ही स्तुती आहे. संतांनी आईच्या मायेसाठी घारीचा दाखला दिला. "घारे डोळे" म्हटलं की आपल्याला सौंदर्य आठवतं. आणि "गिधाडासारखे टपून बसलेत" ही शिवी. म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवणारे नातेवाईक म्हणजे गिधाडं! (माझ्या नातेवाईकांनी हे मनाला लावून घेऊ नये. माझ्याकडे इस्टेट नाही.)

पण जुन्या वाङ्मयात असं नव्हतं. वाल्मीकीने जटायूला गृध्रराज म्हटलं आहे. सीतेसाठी रावणाशी लढून प्राण देणारा पहिला कोण, तर एक म्हातारं गिधाड. रामाने त्याचे अंत्यसंस्कार स्वतःच्या हाताने केले. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ सर्वतीर्थ टाकेद आहे, ते स्थान जटायूचं म्हणून लोक आजही मानतात. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही हा प्रवेश बसवला होता. जटायू झालेल्या मुलाने विचारलं होतं, "गुरुजी, गिधाडाला एवढ्या नख्या असतात का?" प्रश्न बरोबर होता. जटायू लढतो तो गरुडासारखा. पण त्याचा थोरला भाऊ संपाती मात्र खरं गिधाड आहे. डोंगरावर बसलेला, भुकेलेला. समोर वानर प्रायोपवेशनाला बसलेले बघून "आता हे एकेक मरतील आणि माझं पोट भरेल" म्हणून तो आनंदतो. पुढे तिथूनच त्याला समुद्रापलीकडची लंका दिसते. ज्याने ही गोष्ट रचली त्याने गिधाडाची नजर आणि गिधाडाचा धीर, दोन्ही नीट पाहिलं होतं.

उलट कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'त पाचव्या अंकात एक गंमत आहे. पुरूरव्याचा लाल मणी मांसाचा तुकडा समजून एक पक्षी पळवतो. नाटकात त्याला गृध्र म्हटलं आहे. पण अचानक येऊन हातोहात वस्तू लांबवायची, ही रीत कोणाची? घारीची! संस्कृतात घारीला वेगळा शब्द आहे, चिल्ल. हिंदीतली चील तिथूनच आली. तरी नाटकात चोरीचा आळ गिधाडावर आला. हे माझं आपलं मास्तरी मत. संस्कृतच्या जाणकारांनी कान धरावा.

आता एक जरा अवघड गोष्ट. गिधाडांच्या आठवणी सांगताना आपण त्या ओढ्यापलीकडच्या जागेचं वर्णन करतो, पण तिथपर्यंत जनावर ओढून कोण नेत होतं हे सांगत नाही. गावगाड्यात ते काम महारवाड्यावर लादलेलं होतं. मोबदला काय, तर ते मांस. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं सांगितलं. पुढे १९५६ चं धर्मांतर झालं, १९५८ च्या कायद्याने वतनं गेली. आमच्या गावातल्या त्या वस्तीने हे काम सोडलं, तेव्हा गावात केवढा गहजब झाला होता ते मला अंधुक आठवतं. वडीलधारी माणसं ओट्यावर बसून "आता ढोरं ओढायची कोणी?" म्हणून चिडलेली होती. उत्तर सोपं होतं. ज्याचं जनावर, त्याने ओढावं. मग तसंच सुरू झालं. हे इथे सांगायचं कारण असं, की जी स्वच्छता आपल्याला आपोआप वाटत होती तिच्यामागे दोघे राबत होते. एक माणूस, एक पक्षी. दोघांनाही गावाने वेशीबाहेर ठेवलं आणि दोघांच्याही नावाची शिवी केली. माणसांनी ते काम स्वाभिमानाने सोडलं. पक्ष्याचं मात्र वेगळंच झालं.

इतिहासाच्या मास्तराला कागद लागतो. तर घारीचा कागद आपल्याच मुलखातला आहे. कर्नल विल्यम सायक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडत होता. जमीन, पिकं, लोक यांच्याबरोबर त्याने पक्षीही टिपले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या घारीला त्याने शास्त्रीय नाव दिलं त्यात शब्द आहे 'गोविंदा'! आजही घारीच्या आपल्याकडच्या उपजातीचं नाव मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा असंच आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या शास्त्रीय नावात बंगाल आहे, जिप्स बेंगालेन्सिस. ते नाव त्याहून जुनं, १७८८ चं.

गिधाडं तेव्हा इतकी होती की त्यांची मोजदाद करावी असं कोणाला वाटलंच नसेल. १९८५ मध्ये तर एका अभ्यासकाने लिहून ठेवलं, की पांढऱ्या पाठीचं गिधाड हा बहुधा जगातला सर्वांत जास्त संख्येने असलेला मोठा शिकारी वर्गातला पक्षी आहे. १९८५! मी तेव्हा ऐन नोकरीत होतो. त्यानंतर पंधरा वर्षांत, म्हणजे २००० मध्ये, त्याच पक्ष्याचं नाव नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत गेलं.

ते पहिल्यांदा लक्षात आलं भरतपूरच्या अभयारण्यात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी तिथे ऐंशीच्या दशकात गिधाडांची नोंद ठेवली होती. नव्वदच्या दशकात ते पुन्हा बघतात तर घरटी रिकामी, पक्षी मान खाली टाकून बसलेले, झाडाखाली मेलेले. सुरुवातीला वाटलं, काहीतरी साथ असावी. विषाणू शोधले गेले, कीटकनाशकं तपासली गेली. उत्तर मिळालं पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यक शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं, की मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर होता, आणि याचं कारण होतं डायक्लोफेनॅक. गुरांना वेदना आणि सूज कमी व्हावी म्हणून टोचायचं औषध. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं, तर ते अंश मांसात राहतात. ते मांस खाल्लं की गिधाड काही दिवसांत मरतं.

हे मी प्रथम वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा हळहळलो आणि पान उलटलं. पण या संक्रांतीनंतर जुन्या खर्चाच्या वह्या काढल्या. मला रोजचा खर्च लिहायची सवय पहिल्यापासून. गावाकडच्या शेतीचा निम्मा खर्च माझ्याकडे असे, तोही लिहिलेला आहे. १९९८ च्या वहीत, उन्हाळ्यात, एका पानावर माझ्याच अक्षरात आहे: "पवळ्या — डॉक्टर फी, डायक्लोफेनॅक इंजे. ३." आणि चार दिवसांनी, त्याच शाईत: "पवळ्या गेला."

पवळ्या आमचा खिलार बैल. विहिरीजवळ घसरून पडला होता, उठता येत नव्हतं. डॉक्टर भला माणूस, सायकलवरून आला, जनावराचे हाल कमी व्हावेत म्हणून त्याला जे चांगलं वाटलं ते त्याने दिलं. ते औषध स्वस्त होतं, गुणकारी होतं, सगळीकडे मिळत होतं. त्याला काय माहीत, मला काय माहीत. थोरल्या बंधूंना परवा फोन करून विचारलं, "दादा, पवळ्याला पुरलं होतं की टाकलं होतं?" दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाले, "टाकला की ओढ्यापलीकडं. ट्रॅक्टरनं ओढत न्हेला. गिधाडं आली हुती तवा, आठ-धा." मी विचारलं, "त्यानंतर कधी आली होती?" ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "न्हाय बा. आता तू म्हणतूयस तर, त्यानंतर मी बघितल्याली आठवत न्हाईत."

एका बैलाने गावची गिधाडं संपवली असं मी म्हणत नाही. शास्त्रात असं घाईने म्हणू नये, इतिहासातही नाही. त्या सुमाराला साऱ्या देशातच ती मरत होती. पण वहीतलं पान माझं आहे आणि अक्षरही माझंच आहे.

आता प्रश्न असा, की त्याच ओढ्यापलीकडे घारीही येत होत्या. मग घार राहिली कशी?

याचं उत्तर दोघींच्या संसारात आहे. घार दोन-तीन अंडी घालते आणि दोन-तीन वर्षांची झाली की वीण सुरू. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, आणि त्याची वीण सुरू व्हायला पाच-एक वर्षं लागतात. ज्या पक्ष्याचं आयुष्य मोठं आणि पोरं थोडी, त्याच्यात मोठी माणसं मरायला लागली की वंश भरून निघत नाही. घारीच्या ताटात दहा पदार्थ, मेलेलं जनावर हा त्यातला एक. गिधाडाच्या ताटात तेवढंच. आणि तिसरं, ते मघाशी सांगून ठेवलेलं. एकाला सापडलं की सगळ्यांना सापडलं. एका विषारी जनावरावर पन्नास गिधाडं उतरतात. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा असं दिसलं की शंभरातल्या एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असलं तरी एवढी पडझड होऊ शकते. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये मेलेल्या गुरांचे नमुने तपासले, तेव्हा साधारण दहांतल्या एकात ते निघालं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. हजारात एक! माझ्या शाळेत हजार मुलं होती. सकाळच्या प्रार्थनेला एकच मूल उभं आहे, असं डोळ्यांपुढे आणून पाहा.

म्हणजे ज्या एकीने गिधाडाला हजारो वर्षं पोसलं, त्या एकीनेच त्याचा घात केला. आणि मिळेल ते खाणारी, कुठेही घरटं करणारी, एकेकटी झडप घालणारी घार तरली.

गिधाडं गेल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडी आहे, तिथला पहिला दखमा सतराव्या शतकातला. पारशी समाजाची सगळी रीत गिधाडांवर उभी होती. गिधाडं गेली. घारी आणि कावळे येतात, पण ते काम त्यांच्या आवाक्यातलं नाही. शेवटी उन्हाची उष्णता एकवटणारी उपकरणं बसवावी लागली. गावोगावी टाकलेल्या ढोरांवर कुत्री जमायला लागली, कुत्री वाढली, आणि त्यांच्याबरोबर रेबीजची भीती वाढली. २०२४ मध्ये इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी जिथे गिधाडं भरपूर असत ते जिल्हे आणि जिथे फारशी नसत ते जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. ज्याला आपण मृत्यूचा पक्षी म्हणत होतो, तो आपल्याला जगवत होता!

काही चांगलंही घडलं. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या चोरून गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरचीच बाटली ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही गिधाडांना तशीच घातक औषधंही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गिधाडांना सोसतं, आणि गुरांनाही गुण देतं. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पिल्लं वाढवतात, आणि तिथली काही गिधाडं २०२४ च्या जानेवारीत आपल्याकडे पेंच आणि ताडोब्याला आणली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावच्या गावकऱ्यांनी तर आपल्या रानातली घरटी जीव लावून सांभाळली. आकडे मात्र अजून फार लहान आहेत. वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी घाईने परत येणार नाही.

घारीचंही सगळं सुखाचं नाही. शहरातल्या कचऱ्यावर तिची भरभराट झाली, दिल्लीत तर घारींची दाटी जगात नावाजलेली आहे. पण पतंगाच्या मांजाने तिचे पंख कापले जातात. दिल्लीतले दोन भाऊ अशा जखमी घारींवर घरच्या तळघरात उपचार करतात, त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ मध्ये आला. मुलीने दाखवला म्हणून मी पाहिला. नातवाला मी साधा दोरा आणून दिला आहे. त्याने त्या दिवशी सहा पतंग गमावले आणि माझ्यावर रुसला. असो.

काल रात्री सौ. माझ्या गुडघ्याला मलम लावत होती. चष्मा लावून नळीवरचं नाव वाचलं. डायक्लोफेनॅक. मला त्याने बरं वाटतं हे खरं आहे, आणि माणसाने ते वापरू नये असंही कोणी म्हणत नाही. पण नळी हातात घेऊन थोडा वेळ बसून राहिलो. सौ. म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. पवळ्या आठवला."

येत्या मे महिन्यात नातवाला घेऊन चिरगावला जायचा विचार आहे. गुडघा साथ देईल तेवढं चालेन. एकदा त्याला खरंखुरं गिधाड दाखवायचं आहे, म्हणजे पुढच्या वेळी टाकीवर घार बसली की तो चुकणार नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना एक गृहपाठ, विशेषतः गावाकडे राहिलेल्या भावंडांना. तुमच्या गावात शेवटचं गिधाड कधी दिसलं होतं, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि मला कळवा. साल नक्की नसलं तरी चालेल. "धाकट्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी" असं सांगितलंत तरी मी वहीत लिहून ठेवीन.